सूक्ष्म जीवांचें शुद्ध बियाणें
यीस्टचें वर्गीकरण करणारे व सूक्ष्म जीवांचे संग्रह राखणारे शास्त्रज्ञ

कपाशीचें बीं विकत घेतांना शेतकरी पिशवीवरील वाणाचें नांव वाचतो, लॉटचा क्रमांक पाहतो, पावती जपून ठेवितो, आणि बीं उगवलें नाहीं तर तीच पावती घेऊन दाद मागतो. हें शहाणपण आपल्या अंगीं आतां मुरलें आहे. परंतु सोयाबीनच्या बियाण्यास चोळण्याकरितां जें जीवाणूंचें पाकीट आपण त्याच दुकानांतून आणतों, त्यावरील नांव वाचणारे आपल्यांत किती निघतील?

एका हंगामांत आम्हीं असें एक पाकीट आणून बियाण्यास लाविलें. पीक फुलावर आल्यावर चार झाडें मुळांसकट उपटून पाहिलीं, तों मुळांवर गांठी जवळ जवळ नव्हत्याच. ज्या थोड्या होत्या त्या फोडून पाहतां आंत तांबूस रंग दिसेना. मग पाकीट शोधून काढलें. त्यावर ‘जीवाणू खत’ एवढीं अक्षरें ठळक होतीं. जीवाणू कोणता, त्याचा वंश कोणता, तो कोणत्या संग्रहांतून आला, यांपैकीं कांहींच लिहिलेलें नव्हतें. विक्रेत्यास विचारलें, तर त्यासही तें ठाऊक नव्हतें. दोष जीवाणूंचा, आमच्या हाताळणीचा कीं पाकिटाचा, हें ठरविण्यास साधनच उरलें नाहीं. ज्याचें नांव नाहीं त्याबद्दल जाब तरी कोणास विचारावा?

त्या प्रसंगापासून आमचें लक्ष एका विद्येकडे लागलें. सूक्ष्म जीवांस अचूक ओळखून नांव देणें व त्यांचें शुद्ध बियाणें पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राखणें, ही ती विद्या होय. शेतीशीं तिचा संबंध पुष्कळांस दूरचा वाटेल. म्हणून प्रस्तुत लेखांत मुख्यतः यीस्टचें उदाहरण घेऊन ही विद्या कशी वाढली, आपल्या महाराष्ट्रांत ती कोठें चालते, आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा तिच्याशीं काय संबंध आला, आणि मोताळ्याच्या शेतकऱ्यानें तिच्यापासून काय घ्यावें, हें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यीस्ट म्हणजे काय

यीस्ट हा बुरशीच्या कुळांतील एकपेशीय जीव आहे. त्याची पेशी इतकी लहान असते कीं, एका मिलिमीटरच्या लांबींत शंभर ते दोनशें पेशी ओळीनें बसतील. बहुतेक जातींत मातृपेशीस डोळा फुटावा तसा एक फुगवटा येतो, तो वाढून निराळा होतो, आणि एकाच्या दोन पेशी होतात. फुलांतील मध, पिकलेल्या फळाची साल, झाडाचा पाझरणारा रस, शेतांतील माती, कीटकांचें आंतडें, अशा सर्व ठिकाणीं यीस्टच्या जाति राहतात. पावाचें पीठ फुगविणारें खमीर व मोहाचीं फुलें आंबविणारा जीव हीं त्याचींच रूपें होत. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. दुधाचें दहीं करणारे जीव मुख्यतः जीवाणू आहेत, यीस्ट नव्हेत. दोन्ही डोळ्यांस न दिसणारे खरे, पण त्यांच्यांतील अंतर हें गवत आणि गाय यांच्यांतील अंतराहून थोडें नाहीं.

यीस्टचें मोठें कार्य म्हणजे साखरेचें मद्यार्क व कर्बवायु यांत रूपांतर करणें. द्राक्षशर्करेच्या शंभर भागांपासून रसायनशास्त्राच्या हिशेबानें फार तर एकावन्न भाग मद्यार्क निघतो, बाकीचा बहुतेक भाग वायुरूपानें जातो. पावाचें पीठ फुगतें तें या वायूनें.

दह्याचें विरजण यीस्टचें नसलें तरी त्याचा दृष्टांत येथें फार उपयोगी आहे. घरचें विरजण बिघडलें, दह्यास तार येऊं लागली, कीं घरधनीण शेजारणीकडून वाटींत चांगलें विरजण मागून आणते. शेजारणीनें तें जपलें म्हणून आपलें घर पुनः चालतें. जगांतील सूक्ष्म जीवांचे संग्रह हीं अशींच शेजारघरें आहेत. फरक इतकाच कीं, तेथें हजारों विरजणें एकमेकांत न मिसळतां ठेवावीं लागतात, आणि प्रत्येकाचें नांव, गांव व वंश लिहून ठेवावा लागतो.

एका पेशीपासून वंश

आंबण्याची क्रिया जिवंत पेशींमुळें होते, हें फ्रान्समधील लुई पाश्चर यांनीं १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनीं सिद्ध केलें. परंतु पिंपांत एक यीस्ट आहे कीं दहा, हें त्या काळीं सांगतां येत नसे. हा प्रश्न डेन्मार्कमधील एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनीं सोडविला. ते कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बियरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत होते. कारखान्याची बियर मधूनच कडवट होऊन वायां जात असे. हॅन्सेन यांनीं यीस्टचें पाणी इतकें विरल केलें कीं एका थेंबांत एकच पेशी यावी. त्या एका पेशीपासून त्यांनीं संबंध वंश वाढविला. असे वंश निरनिराळे वाढवून पाहतां असें दिसलें कीं, चांगल्या यीस्टमध्यें रानटी यीस्ट मिसळलें होतें, आणि कडवटपणा त्याचा होता. १८८३ मध्यें शुद्ध वंशाचें यीस्ट कारखान्यांत वापरण्यास आरंभ झाला. कारखान्याचे मालक याकोबसेन यांनीं हें यीस्ट स्वतःपुरतें न ठेवतां इतर कारखान्यांसही मोफत दिलें.

आपल्या वाचकांस ही रीति नवी वाटूं नये. शेतांतील मिश्र पिकांतून एक उत्तम कणीस निवडावें, त्याचे दाणे निराळे पेरावे, आणि त्यापासून वाण तयार करावा, हेंच हॅन्सेन यांनीं डोळ्यांस न दिसणाऱ्या पिकाच्या बाबतींत केलें. शुद्ध वंश हातीं आला म्हणजे दोन प्रश्न लगेच उभे राहतात. याचें नांव काय, आणि हा जपावा कोणीं? पहिल्या प्रश्नांतून वर्गीकरणाची विद्या निघाली, दुसऱ्यांतून संग्रह निघाले. १८९० मध्यें प्राग येथें फ्रान्झ क्राल यांनीं शुद्ध वंश जपून ते मागेल त्यास पुरविण्याचा पहिला सार्वजनिक संग्रह उघडला.

हॉलंडच्या विदुषी

यीस्टच्या वर्गीकरणाचा पाया घालण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं हॉलंडमधील कांहीं स्त्रियांकडे जातें. तेथें बुरशींचा एक मोठा संग्रह १९०४ मध्यें स्थापन झाला होता. १९०७ मध्यें योहाना वेस्टरडाइक या त्याच्या संचालिका झाल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें चोवीस होतें. १९१७ मध्यें त्या हॉलंडमधील पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या. त्यांच्या हाताखालीं थोड्याशा नळ्यांचा तो संग्रह हजारों वंशांचा झाला. २०१७ पासून ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

या संग्रहांतील यीस्टचा भाग डेल्फ्ट येथें होता. तेथें नेली स्टेलिंग-डेकर यांनीं १९३१ मध्यें व याकोमिना लोडर यांनीं १९३४ मध्यें यीस्टच्या जातींचे सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केले. पुढें १९५२ मध्यें लोडर व क्रेगर-फान रेय या दोघींनीं मिळून जो ग्रंथ केला त्यांत १६४ जाति मान्य केल्या होत्या. त्याच ग्रंथपरंपरेची २०११ सालची आवृत्ति पाहिली तर तींत सुमारें दीड हजार जातींचें वर्णन आहे. या ग्रंथांचें मोल शब्दांत नाहीं, त्यामागील नळ्यांत आहे. लिहिलेल्या प्रत्येक वर्णनामागें संग्रहांत एक जिवंत वंश ठेवलेला होता, आणि शंका येईल त्यानें तो मागवून स्वतः ताडून पाहावा अशी सोय होती.

जाति कशी ओळखतात

यीस्टकडे सूक्ष्मदर्शकांतून नुसतें पाहिल्यानें फारसें कळत नाहीं. कित्येक जातींच्या पेशी वाटोळ्या किंवा लांबट, एकसारख्याच दिसतात. म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यांस काय खातां येतें, हें विचारण्याची रीति काढली. लहान लहान नळ्यांत निरनिराळ्या साखरा घालून त्यांत यीस्ट सोडावयाचें. आंत एक छोटी नळी उलटी ठेवावयाची, म्हणजे वायु निघाला तर तो तींत सांठतो व दिसतो. उदाहरणार्थ, पावाचें यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. हें उसाची साखर झटपट आंबवितें, परंतु दुधांतील साखरेस शिवत नाहीं. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस नांवाचें यीस्ट मात्र दुधाची साखरही आंबवितें. पनीर करून उरलेलें पाणी आंबवावयाचें असेल तर पहिलें निरुपयोगी व दुसरें उपयोगी. अशा अनेक साखरा, नत्राचे प्रकार, जीवनसत्त्वांची गरज, उष्णता सोसण्याची ताकद, बीजाणूंचा आकार, या सर्वांच्या उत्तरांवरून जातीचा पत्ता लागे.

ही रीति चांगली असली तरी ती चुकतेही. सख्खे भाऊ वेगळें खाऊं शकतात व परके एकच अन्न खाऊं शकतात. म्हणून पुढें पेशींतील आनुवंशिक द्रव्याचाच आधार घेण्यांत आला. अमेरिकेंतील पिओरिया येथील सरकारी कृषि प्रयोगशाळेंत क्लेटस कुर्ट्झमन व क्रिस्टी रॉबनेट यांनीं १९९८ मध्यें सुमारें पांचशें जातींच्या आनुवंशिक द्रव्याचा एक ठराविक तुकडा वाचून ताडून पाहिला. तो तुकडा साधारण सहाशें अक्षरांचा आहे. त्यांत सहा किंवा अधिक अक्षरांचा फरक असल्यास जाति बहुधा निराळी, असा व्यवहारी नियम त्यांतून निघाला. सात-बाराच्या उताऱ्यावरून जमिनीची मालकी ताडावी तसा हा उतारा झाला. उतारा मिळाला म्हणून शेत पाहावयाचें सोडून चालत नाहीं, तसेंच साखरेच्या नळ्यांचेंही काम संपलें नाहीं.

नांव चुकल्यानें केवढी हानि होते याचें एक उदाहरण वैद्यकांतील आहे. २००९ मध्यें जपानांत एका रुग्णाच्या कानांतून एक नवें यीस्ट मिळालें, त्यास कँडिडा ऑरिस असें नांव मिळालें. हें यीस्ट रक्तांत शिरलें असतां प्राणघातक ठरतें व नेहमींच्या औषधांस पुष्कळदां दाद देत नाहीं. रुग्णालयांतील प्रचलित यंत्रें त्यास त्याच्याच एका नातलग जातीचें नांव देत असत. आनुवंशिक द्रव्य वाचल्यावरच खरा प्रकार उघडकीस आला. रोग्याच्या खाटेशीं एक चुकीचें नांव म्हणजे चुकीचें औषध होय.

संग्रहपालाचें काम

ज्याच्या हवालीं असे हजारों वंश असतात त्यास संग्रहपाल म्हणावें. त्याच्याकडे नळी येते तेव्हां तो प्रथम ती शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहतो, मग तिच्या नांवाची खात्री करितो. कोणत्या गांवीं, कोणत्या वस्तूवरून, कोणीं व केव्हां मिळविली, हें वहींत टिपतो व तिला क्रमांक देतो. येथून खरी चाकरी सुरू होते. जुन्या रीतीनें कांचेच्या नळींतील खाद्यावर वंश वाढवीत, आणि कांहीं महिन्यांनीं त्यांतील थोडा भाग नव्या नळींत नेत. दरवर्षीं घरचेंच बियाणें पेरीत गेल्यास त्यांत जशी भेसळ व उतार येतो, तसा येथेंही येतो. वंश स्वभाव बदलतो, शेजारची बुरशी शिरते, किंवा एखादे दिवशीं दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल होते.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, पेशी गोठवून त्यांतील पाणी निर्वातांत उडवून टाकणें व त्या कांचेच्या बंद कुपींत ठेवणें. अशा वाळलेल्या पेशी वर्षानुवर्षें निपचित पडून राहतात व ओलावा मिळतांच जाग्या होतात. दुसरा, द्रवरूप नत्रवायूंत उणे १९६ अंशांवर त्या ठेवणें, कीं जेथें जीवनाची घडामोड जवळ जवळ थांबते. तरीही दक्षता सुटत नाहीं. नत्र संपला, वीज गेली, किंवा जाणता मनुष्य निवृत्त झाला व त्याच्या जागीं कोणी आला नाहीं, तर एका पिढीचें संचित एका उन्हाळ्यांत नाहींसें होऊं शकतें. पुस्तक जळालें तर दुसरी प्रत कोठें तरी मिळते, मेलेला वंश पुनः छापतां येत नाहीं. म्हणून महत्त्वाचा वंश दोन निरनिराळ्या देशांच्या संग्रहांत ठेवण्याचा प्रघात पडला आहे, व जीवाणूंच्या नव्या जातीस मान्यता मिळण्यास तर तसा दंडकच आहे.

असें जपून ठेवण्याचा उपयोग केव्हां होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं पेनिसिलिन पुरेसें निघेना. तेव्हां वर सांगितलेल्या पिओरियाच्याच प्रयोगशाळेनें चांगल्या बुरशीचा शोध चालविला. १९४३ मध्यें तेथील बाजारांतल्या एका कुजक्या खरबुजावर तशी बुरशी सांपडली. बुरशींचे जाणकार केनेथ रेपर व त्यांचे सहकारी तेथें होते, म्हणून ती ओळखली गेली व क्रमांक घालून जपली गेली. पुढें जगभर जें पेनिसिलिन निघालें तें बहुतेक त्याच वंशाच्या सुधारलेल्या संततीपासून. कुजकें खरबूज आपण उकिरड्यावर टाकतों, जाणत्यानें तेंच उचललें आणि लाखों जीव वांचले.

पुण्यांतील कोठारें

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. पुण्यास पाषाण येथें राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्यें उघडली, आणि १९५१ पासून तेथें औद्योगिक सूक्ष्म जीवांचा राष्ट्रीय संग्रह चालू आहे. त्यांत जीवाणू, बुरशी व यीस्ट यांचे हजारों वंश आहेत, व कारखाने, महाविद्यालयें व संशोधक यांस ते क्रमांकानिशीं पुरविले जातात. मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था १९७५ मध्यें साखर कारखान्यांच्या पुढाकारानें निघाली. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढण्याच्या कामीं योग्य यीस्ट कोणतें, याचा अभ्यास तेथें चालतो.

मालवणांत जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे १९४६ मध्यें पुण्यांत स्थापन झालेल्या विज्ञानवर्धिनी संस्थेचे पहिले संचालक होत. ती संस्था आतां त्यांच्याच नांवानें चालते. बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिच्याकडे आहे. यीस्टच्या वर्गीकरणाचें काम तेथें आजही होतें. २०१९ च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनीं वाळवीच्या आंतड्यांतून मिळालेली यीस्टची एक नवी जाति जाहीर केली. जी वाळवी आपल्या बांधावरचीं झाडें पोखरते, तिच्या पोटांतही जगास ठाऊक नसलेला जीव निघतो, ही गोष्ट शेतकऱ्यानें विचार करण्यासारखी आहे.

चौथें कोठार राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखालीं २००९ मध्यें निघालें. त्यास आतां राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणतात. त्याची उभारणी डॉ. योगेश शौचे यांच्या नेतृत्वाखालीं झाली. एखाद्या सूक्ष्म जीवावर आधारलेल्या शोधाचें पेटंट घ्यावयाचें तर तो जीव मान्यताप्राप्त कोठारांत ठेवावा लागतो. १९७७ च्या बुडापेस्ट करारान्वयें तशी मान्यता या कोठारास २०११ मध्यें मिळाली.

लोणारचा जीव व बदललेलें नांव

या कोठाराचा आपल्या जिल्ह्याशीं आलेला संबंध आतां सांगावयाचा आहे. उल्कापातानें झालेलें लोणारचें सरोवर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत आहे. त्याचें पाणी खारें व अत्यंत विम्ल आहे, त्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेलेला आहे. ज्या जमिनीचा सामू साडेआठावर गेला कीं आपण चोपण म्हणून कपाळास हात लावितों, त्याहून कितीतरी तीव्र अशा पाण्यांत सूक्ष्म जीवांची दाट वस्ती आहे. २०२० च्या जून महिन्यांत हें सरोवर एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां नाना तर्क निघाले. आघारकर संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून खारट पाण्यांत राहणाऱ्या, तांबूस रंगद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आल्याचें सांगितलें. अफवेचें उत्तर ज्यांच्याजवळ होतें ते लोक हेच.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०२१ मध्यें, पुण्याच्या सूक्ष्मजीव संसाधन केंद्रांतील संशोधकांनीं लोणारच्या सरोवरांतून मिळालेल्या एका जीवाणूचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचें नांव अल्कलीहॅलोबॅक्टेरियम एलाँगेटम. तो इतर जंतूंस मारक असें द्रव्य तयार करितो. त्यास योग्य घर शोधतांना संशोधकांस असें आढळलें कीं, ज्या गणांत असे विम्लप्रिय जीवाणू कोंबले होते त्या गणांत अनेक निरनिराळीं कुळें एकत्र झालीं आहेत. मग त्यांनीं सबंध गणाची वांटणी करून नवे गण केले. त्यांपैकीं एकास डॉ. शौचे यांच्या गौरवार्थ शौचेला असें नांव दिलें. त्या गणांत जो एक जीवाणू गेला तो पूर्वीं बॅसिलस क्लॉसी या नांवानें प्रसिद्ध होता. जुलाबावर लहान मुलांस ज्या जीवाणूंच्या कुप्या देतात, त्यांपैकीं कित्येकांत तोच असतो. याप्रमाणें आपल्या जिल्ह्यांतील एका सरोवराच्या पाण्यापासून निघालेल्या अभ्यासानें जगभरच्या औषधांच्या दुकानांतील एका जीवाचें नांव बदललें, आणि त्या नव्या नांवांत एका मराठी संग्रहपालाचें नांव बसलें.

कोणी म्हणेल कीं, नांवें अशीं बदलत राहिलीं तर त्यांवर विश्वास कसा ठेवावा? त्यास उत्तर असें कीं, फेरफार झाला म्हणून नोंद खोटी ठरत नाहीं, ती अधिक खरी होते. कुपींतील जीव तोच राहतो, क्रमांकही तोच राहतो. नातें नीट कळलें म्हणून नांव सुधारतें.

शेतकऱ्यानें काय घ्यावें

पहिलें उदाहरण मक्याचें. २०२३ च्या डिसेंबरांत उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. त्यानंतर आसवन्यांकडून मक्यास मागणी वाढली, हें नळगंगेच्या कांठच्या मका-उत्पादकांस ठाऊक आहे. एक टन मक्यापासून साधारण पावणेचारशें लिटर इथेनॉल निघतें. यीस्टला मक्यांतील पिष्ट थेट खातां येत नाहीं. प्रथम पाचक द्रव्यांनीं त्याची साखर करावी लागते, मग यीस्ट कामास लागतें. पिंपांत रानटी यीस्ट किंवा आंबट करणारे जीवाणू शिरले तर साखर वायां जाते, आणि कारखान्याचा तोटा अखेर भावांत उतरतो. शुद्ध वंशाचें मूळ बियाणें कोठारांत आहे म्हणूनच बिघडलेला कारखाना पुनः उभा राहतो. कपाशीच्या पऱ्हाट्या आपण जाळतों, त्यांतही एक प्रकारची साखर बांधलेली असते. नेहमींच्या यीस्टला ती आंबवितां येत नाहीं, परंतु शेफर्सोमायसिस स्टिपिटिस या जातीस येते. पुढेंमागें पऱ्हाटीस भाव यावयाचा असेल, तर तो अशाच एखाद्या जातीमुळें येईल.

दुसरें उदाहरण आरंभीं सांगितलेल्या पाकिटाचें. शेंगवर्गीय पिकांच्या गांठी करणारे जीवाणू एके काळीं एकाच नांवाखालीं मोडत. १९८२ मध्यें सावकाश वाढणाऱ्यांस ब्रॅडिऱ्हायझोबियम हा निराळा गण देण्यांत आला. सोयाबीनच्या गांठी त्यांतील जीवाणूंच्या, तर हरभऱ्याच्या गांठी मेसोऱ्हायझोबियम या दुसऱ्या गणांतील. यावरून हें उघड आहे कीं, हरभऱ्याचें पाकीट सोयाबीनला लावून उपयोग नाहीं. नांवांतील हा भेद पंडितांचा वाद नसून आपल्या मुळांवरील गांठींचा प्रश्न आहे.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या:

१. पाकिटावर जीवाणूचें पुरें नांव, कोणत्या पिकासाठीं तें, तुकडी क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. वंशाचा क्रमांक व मूळ वंश कोणत्या संस्थेकडून आणला, हें विक्रेत्यास विचारावें. उत्तर न मिळाल्यास दुसरें दुकान पाहावें, किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे चौकशी करावी.

२. जीवाणू खतें २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखालीं आलीं आहेत. ऱ्हायझोबियमच्या भुकटींत दर ग्रॅमास निदान पांच कोटि व द्रवरूपांत दर मिलिलिटरास दहा कोटि जिवंत पेशी असाव्या, असें प्रमाण ठरलें आहे. उन्हांत ठेवलेल्या पाकिटांत त्या उरत नाहींत. म्हणून तें सावलींत, थंड जागीं ठेवावें.

३. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावी. बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं व जीवाणू शेवटीं लावावे. बियाणें सावलींत सुकवून लगेच पेरावें.

४. पीक फुलावर येतांच चार झाडें उपटून गांठी फोडून पाहाव्या. आंत तांबूस रंग असल्यास नत्राचें काम चालू आहे असें समजावें. पाकीट व पावती हंगाम संपेपर्यंत टाकूं नये.

५. आपल्या शेतांतील माती, फळ किंवा कीटक यांचे नमुने संशोधनासाठीं कोणी नेत असल्यास आनंदानें द्यावे, परंतु गांव, तारीख व नेणाऱ्याचें नांव लिहून ठेवावें. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वयें स्थानिक संस्थेंत जैवविविधता व्यवस्थापन समिति असावयाची आहे, व अशा संपत्तीची नोंदवही तिनें ठेवावयाची आहे. आपल्या ग्रामपंचायतींत ती समिति आहे काय, आणि वही कोरी तर नाहीं ना, हें विचारणें आपलें काम आहे.

पूर्वीं प्रत्येक घरीं बियाण्याची कणगी असे. तींतील जोंधळा कितीही टंचाई आली तरी खात नसत, कारण पुढील वर्षाचें शेत त्या कणगींत असे. पुण्यांतील त्या थंड कुप्या म्हणजे सबंध देशाची तशीच कणगी आहे. ती राखणारे लोक आपल्या दृष्टीस पडत नाहींत. त्यांचें काम कधीं पुरें होत नाहीं, आणि तें चुकलें तरच लोकांच्या लक्षांत येतें. शेतकऱ्यास त्यांचें मोल निराळें समजावून सांगावयास नको. येत्या हंगामांत बियाण्यास जीवाणू लावण्यापूर्वीं आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदानें पाकिटावरील नांव मोठ्यानें वाचावें, एवढी आमची विनंती आहे.